दोघींनी मिळून म्हणायचं वाक्य

सेंट बार्नबस चर्च, हार्लन्स फेरी
११ फेब्रुवारी २०१९

श्रीमती वर्ना हॅकेट, वॉर्डन, ग्रेस चर्च, टॅमरॅक, यांस

हे पत्र मी वॉर्डन म्हणून, म्हणजे चर्चची कारभारीण म्हणून लिहिते आहे, बहीण म्हणून नाही. नाताळचं कार्ड न उघडता परत आलं होतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत सांगून ठेवते. एका चर्चच्या वॉर्डनने दुसऱ्या चर्चच्या वॉर्डनचं पत्र परत पाठवणं बरं दिसत नाही, तेव्हा पुढे वाच.

कॅनन फिस्कचं पत्र तुलाही आलंच असेल. बिशपच्या कचेरीत सरळ आणि साधं लिहिणारा हा एकच गृहस्थ. नदीच्या या काठाला आम्ही एकवीस डोकी, त्या काठाला तुम्ही चाळीस. दोन्ही मंडळ्यांना मिळून एक पाळक मिळेल. बाईचं नाव जोसेलिन प्रूइट, वय त्रेपन्न, पाळक व्हायच्या आधी अठरा वर्षं गोठ्यागोठ्यांतून दूध तपासत हिंडलेली. दोन्ही चर्चच्या समित्यांनी राखेच्या बुधवारच्या संध्याकाळी पाचच्या आत, म्हणजे सहा मार्चला, करारावर सह्या केल्या तर ती येईल. नाही केल्या तर ती ओहायोत जाईल. मग सेंट बार्नबसला वर्षअखेर कुलूप लागेल. तुमचं चर्च तिच्याशिवायही तग धरेल, आमचं धरणार नाही.

तीन वर्षं आम्ही पाळकाशिवाय काढली. सकाळची प्रार्थना मी घेते. धडे वेंडल स्ट्राउट वाचतो, आणि तो एक्याऐंशीचा असल्यामुळे कधी कधी मागच्या रविवारचेच पुन्हा वाचतो. प्रभुभोजन महिन्यातून एकदा, तेही उसना पाळक बर्फातून गाडी काढून पोचला तर. जानेवारीत तो पोचला नाही. आम्ही अर्धा तास कोट घालून बसलो, मग मी उठून प्रार्थना घेतली आणि सगळे घरी गेले.

आमच्या समितीने सही केली आहे. तुमच्या समितीने हा विषय दोन बैठकांत पुढे ढकलला. का ढकलला, हे विचारायला मला कुणाकडे जायला नको. तुझ्या भुवया वर गेल्या की आजूबाजूचे हात खाली येतात, हे मी तू चार वर्षांची असल्यापासून बघते आहे.

मे महिन्यातल्या त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. पण सहा वर्षांचा राग काढायचा तर माझ्यावर काढ, एकवीस माणसांवर काढू नकोस. मी हे चर्च बंद होऊ देणार नाही. तू उत्तर दिलं नाहीस तर दुसरं पत्र येईल, मग तिसरं. शाळेच्या कचेरीत सदतीस वर्षं मी पत्रंच लिहिली, माझा हात दुखत नाही.

लोइस मर्सर
वॉर्डन, सेंट बार्नबस


२७ फेब्रुवारी

वर्ना,

काल गुरांच्या खाद्याच्या दुकानात तुझा नवरा भेटला. भेटला म्हणजे, पोत्यांच्या मागे माझी वाट बघत उभा होता. खिशातून कागद काढला आणि तुझ्या अटी वाचायला लागला. मी म्हटलं, "डेल, चाळीस वर्षं तू माझा मेहुणा आहेस. कागद ठेव आणि तोंडाने सांग." तर म्हणाला, "नको गं लोइस. एखादा शब्द इकडचा तिकडे झाला की घरी मला ऐकावं लागतं."

त्याचे घरातले हाल बघून मी एकेक अट तिथल्या तिथे कबूल केली. आता लेखी कबूल करते.

पाळकबाईंनी तुमच्या काठावरच्या घरात राहायचं: कबूल. आमच्या घराचं छप्पर असंही गळतं. रविवारी नऊला तुमच्याकडे उपासना, अकराला आमच्याकडे: कबूल. नाताळच्या आदल्या संध्याकाळची उपासना तुमच्याकडे: कबूल, पण हे वेंडलला तू स्वतः येऊन सांग. बिशपच्या हस्ते होणारा स्वागताचा सोहळा ग्रेस चर्चमध्ये: कबूल. आणि शेवटची अट, की या सगळ्यात दोन्ही वॉर्डननी एकमेकींशी बोलावं अशी कुणी अपेक्षा ठेवू नये: तीही कबूल. डेलने ती वाचताना वर बघितलं नाही.

आता एवढं सगळं कबूल केल्यावर एक गोष्ट मला लिहू दे. तू गावभर सांगत नसशील, पण मनात धरून बसली आहेस की त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुला खाली पाडलं. पाडलंस ते तू. आईला लायलॅकची फुलं आवडायची. तिच्या खिडकीखालच्या झाडाची फुलं मी सकाळी स्वतः तोडली आणि इथल्या चर्चमध्ये तिच्या शवपेटीवर ठेवली. उपासनेला दहा मिनिटं असताना तू पुढे आलीस, फुलं उचललीस, अंत्यविधीवाल्याच्या माणसाच्या हातात दिलीस आणि पेटीवर पांढरं वस्त्र पसरलंस. नव्वद माणसं बघत होती. तेव्हा वेदीची सगळी व्यवस्था तुझ्याकडे होती, हे मान्य. नियमही मला माहीत आहे. चर्चच्या दारातून आत आलेल्या प्रत्येक पेटीवर तेच एक वस्त्र, फुलं नाहीत, म्हणजे आत न्यायाधीश आहे की गवळी हे कुणाला कळू नये. पण ती आपली आई होती. तिने मला फुलांचं सांगितलं होतं, असं मी त्या दिवशी सगळ्यांना म्हटलं. लोकांनी तुझ्याकडे जसं बघितलं तसं बघितलं, त्याला मी काय करू?

सहीची वाट बघते आहे. सात दिवस उरले.

लोइस मर्सर


८ मार्च

वर्ना,

सही पोचली. राखेच्या बुधवारी दुपारी चार वाजता, मुदत संपायला एक तास असताना. त्याआधी तू ती द्यायची नाहीस हे मला माहीत होतं, तरी तीन वाजल्यापासून मी फोनजवळून हलले नाही.

कॅनन फिस्कचा फोन आला तेव्हा माझ्या कपाळावर सकाळच्या उपासनेत लावलेली राख होती आणि हातात भांडी घासायचा स्पंज. फोन ठेवून मी तिथेच उभी राहून रडले. हे तुला सांगायचं नव्हतं, पण लिहून झालं आणि मी पेनाने लिहिते.

आभारी आहे.

लोइस


१७ जून

वर्ना,

बाई आल्या. तू त्यांना माझ्याआधी भेटलीस, तेव्हा त्या कशा दिसतात हे सांगत बसत नाही. आमच्याकडचं तेवढं सांगते.

काल अकराच्या उपासनेला आम्ही एकवीसच्या एकवीस हजर होतो. पर्ल तिच्या प्राणवायूच्या नळकांड्यासकट आली. दारात वेंडलने बाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "फादर, तुम्ही आलात, बरं झालं." त्याची जीभ साठ वर्षं त्या शब्दाला वळलेली. मी त्याला कोपराने ढोसलं तर म्हणाला, "मग काय म्हणू?" बाई म्हणाल्या, "जोसेलिन म्हणा." तो इतका घाबरला, की उपासना संपेपर्यंत त्याने त्यांना फादरच म्हटलं, आणि आता ते तसंच राहणार असं दिसतं.

त्यांनी भाकर मोडली तेव्हा पर्लच्या नळकांड्याचा फसफस आवाज सोडला तर चर्चमध्ये दुसरा आवाज नव्हता. मी तीन वर्षं जिथे उभी राहून प्रार्थना वाचली, तिथे दुसरं कुणी उभं होतं आणि मला खाली बाकावर बसता येत होतं. मला एवढं हलकं किती दिवसांत वाटलं नव्हतं.

आता आपल्या गाढवपणाबद्दल. बाईंच्या घरी फ्रीज भरून ठेवायचा, हे दोन्हीकडच्या बायकांनी ठरवलं. तुम्ही शनिवारी अकराला जाणार हे डेलकडून कळलं म्हणून मी आमच्या बायकांना दहाला घेऊन गेले. तुझी नि माझी गाठ पडायला नको, एवढंच डोक्यात. कोण काय नेणार हे विचारायचं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. परिणामी त्या एकट्या बाईच्या फ्रीजमध्ये हॅम-बटाट्याची नऊ भांडी झाली. नऊ! आज सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "लोइस, सगळ्या भांड्यांतलं थोडं थोडं खाऊन बघितलं. दोन भांड्यांत मोहरी आहे आणि जायफळही आहे. बाकी सातांत नाही. दुधाच्या चवीवरून मी गोठा ओळखायचे. ही दोन एका घरातली आहेत."

मी म्हटलं, "आहेत एका घरातली. पण ती सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत."

त्या म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलं नाही." खरंच कुणी सांगितलं नव्हतं. करारात दोन वॉर्डनांच्या सह्या होत्या, आडनावं वेगळी होती. मी सांगितलं नाही कारण मला भीती होती की हे कळलं तर त्या ओहायोचाच रस्ता धरतील.

त्या काही गेल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की दोन्हीतलं कुठलं भांडं आधी संपवू. मी म्हटलं, तुझं. तुझं आधीपासून जास्त चांगलं होतं.

लोइस


२२ ऑगस्ट

वर्ना,

स्वागताच्या सोहळ्याची तारीख ठरली हे तुला कळलंच असेल: २८ सप्टेंबर, शनिवार, सकाळी अकरा. बिशप येणार. वेदीवर लाल वस्त्र. दोन्ही मंडळ्यांनी बाईंना भेटी द्यायच्या, पाणी, तेल, भाकर, चर्चच्या किल्ल्या. वेंडलला चर्च गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीची किल्लीही द्यायची आहे. तो म्हणतो, पाळकाला सगळ्यात आधी कळायला हवं ते त्या भट्टीचं. मी त्याला नाही म्हटलेलं नाही.

हे पत्र त्यासाठी नाही. काल कॅनन फिस्क इथे आले होते. त्यांनी सोहळ्याचा कागद दाखवला. सुरुवातीलाच दोन्ही वॉर्डननी बिशपसमोर उभं राहून एक वाक्य मिळून म्हणायचं आहे: "आम्ही एकत्र आलो आहोत, आणि हिला आमची पाळक म्हणून मागतो आहोत." तेवढंच. मग बिशप पुढचं सुरू करणार. फिस्क म्हणाले, की तुझ्याकडून निरोप आहे, दोघींनी वेगवेगळं म्हणावं, आधी ग्रेस, मग सेंट बार्नबस. मला चालेल का?

मी म्हटलं, चालणार नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. माणूस वाईट नाही, पण त्याने सरळ सांगितलं, की करार डिसेंबरपर्यंतचाच आहे आणि पुढचं बिशप त्या दिवशी बघून ठरवणार आहेत. "दोन वॉर्डनना एक वाक्य बरोबर म्हणता येत नसेल, तर एका पाळकाने दोन मंडळ्या कशा सांभाळायच्या? बाई मग एकाच ठिकाणी राहतील. कुठल्या, ते तुम्हाला मी सांगायला नको." नको होतं. तुमच्या.

म्हणजे वेगवेगळं म्हटलं तर आमचं चर्च गेलं. पण आमचं चर्च राहणार असतं, तरीही मी नकारच दिला असता. "आम्ही एकत्र आलो आहोत" हे एकेकटीने कसं म्हणायचं? बिशपसमोर, वेदीसमोर, धडधडीत खोटं. मला ते जमणार नाही. हे वाचून तू डोळे फिरवशील, कारण माझ्या तोंडी ही भाषा शोभत नाही असं तुला वाटेल. तुझं कारण तुला माहीत आहे. माझं मला.

अजून एक. बाईंनी दोन्ही चर्चमधले अंत्यविधीचे फॉर्म मागितले, आपापल्या हयातीत लोकांनी भरून ठेवलेले: कुठलं गीत हवं, कुठला धडा, पेटी कुणी उचलायची. म्हणाल्या, ज्यांना मी पुरणार आहे त्यांना काय हवं ते आधी वाचून ठेवते. गेलेल्यांचेही द्या, म्हणजे इथली रीत कळेल. कपाटातली फाइल मी त्यांना दिली. एक फॉर्म सोडून.

लोइस


१६ सप्टेंबर

वर्ना,

सोहळ्याला बारा दिवस आहेत. तू अजून फिस्कना उत्तर दिलेलं नाहीस. हे पत्र वाचायच्या आधी सोबतचा कागद वाच. अक्षर तुला ओळखू येईल.

वाचलास? आता सांगते.

तो आईचा फॉर्म आहे. २०१३ च्या मार्चमध्ये तिने तो आपल्या चर्चच्या कचेरीत, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या डोळ्यांदेखत भरला. म्हणजे मे महिन्यात तिच्या पेटीवर लायलॅक ठेवताना मला माहीत होतं. "फुलं: नकोत. सगळ्यांना घालता तेच वस्त्र घाला." आणि त्याखालची ओळ: "ते वर्नाने पसरावं. तिच्या हाताखाली सुरकुती राहत नाही."

तिने मला फुलांचं कधी काही सांगितलं नव्हतं. मी खोटं बोलले.

का, ते लिहायला मला सहा वर्षं लागली, तेव्हा जसं येईल तसं लिहिते. अकरा वर्षं मी तिला सांभाळलं. तिला न्हाऊ घातलं, तिची नखं कापली, तिच्यासाठी नोकरी दोन वर्षं आधी सोडली. तू रविवारी पूल ओलांडून यायचीस, उपासनेनंतर तासभर बसायचीस आणि तुला बघून तिचा चेहरा असा काही खुलायचा की मी स्वयंपाकघरात निघून जायची. त्यात तुझी चूक नव्हती. मग मरणानंतर शेवटचा हात लावायचं काम तिने फॉर्ममध्ये तुझ्याकडे दिलं. मी समोर बसले होते, वर्ना. माझ्याकडेच फॉर्म देऊन म्हणाली, "नीट फाइल कर." मी नीट फाइल केला.

फुलं ठेवली कारण मला तिच्यासाठी काहीतरी माझ्या हातचं हवं होतं. तू ती काढलीस. तुला फॉर्म माहीत नव्हता. तुला फक्त रीत माहीत होती, आणि आई माहीत होती. तू तिने सांगितलं होतं नेमकं तेच केलंस. आणि मी नव्वद माणसांसमोर ओरडले की आईची शेवटची इच्छा तू कचऱ्यात टाकलीस. त्यानंतर सेंट बार्नबसमध्ये तुझ्याशी कुणी धड बोललं नाही. तीस वर्षं तू त्या वेदीची कापडं धुतलीस, इस्त्री केलीस, आणि जूनमध्ये तू ग्रेस चर्चला जायला लागलीस. सगळे म्हणाले, गेली ते बरं झालं. मीही म्हटलं.

मला त्याची लाज वाटते. रोज वाटली, असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. कित्येक महिने मी विसरूनही जायची. या ऑगस्टपासून विसरता येत नाही.

मी हे आधी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, आता काय करणार. मी म्हटलं, ज्यांच्यासमोर खोटं बोलले त्यांच्यासमोर खरं बोलणार. त्यांनी मला थांबवलं नाही, पुढेही ढकललं नाही.

काल उपासनेत सूचनांच्या वेळी मी उभी राहिले. आधी सांगितलं, की बुधवारी तळघर साफ करायचं आहे, कारण ते सांगायचंच होतं. मग आईचा फॉर्म वाचला. तुझ्या नावाची ओळ दोनदा वाचली. मग म्हटलं, की हे मला तेव्हा माहीत होतं.

पर्लने मान खाली घातली. मग वेंडल म्हणाला, आणि त्याला कमी ऐकू येतं त्यामुळे सगळं मोठ्याने, "म्हणजे आपण वर्नाला सहा वर्षं उगीच टाळलं?"

"हो वेंडल," मी म्हटलं. "माझ्यामुळे."

त्यावर तो म्हणाला, "मग तू वॉर्डन कशी राहणार?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, सोहळ्यापर्यंत राहते, मग तुम्ही ठरवा. डिसेंबरच्या सभेत मत घ्या. मला काढलंत तर मी तक्रार करणार नाही.

हे डेलला खाद्याच्या दुकानात कळायच्या आधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून आज सकाळीच लिहायला बसले. मूळ फॉर्म तुझा आहे, तुझ्याकडे ठेव. मी त्याची नक्कल फाइलमध्ये लावली आहे, जिथे तो असायला हवा होता.

माफ कर, असं लिहिते आहे. करायलाच हवंस असं नाही. पण अठ्ठावीस तारखेला मी ग्रेस चर्चमध्ये बिशपसमोर उभी राहणार आहे आणि ते वाक्य म्हणणार आहे. तू शेजारी नसलीस तर ते अर्धंच होईल, हे मला कळतं. त्यात आमचं चर्च गेलं तर ते तुझ्यामुळे गेलं असं मी कुणाला म्हणू देणार नाही. या वेळी खरोखरच म्हणू देणार नाही.

तुझी
लोइस


३० सप्टेंबर

प्रिय वर्ना,

शनिवारी तू जेवणाला थांबली नाहीस. तुझ्या पाठीमागे काय झालं ते सांगते, कारण डेलने सांगितलं तर अर्धं राहील.

लोक म्हणाले, वाक्य म्हणायच्या वेळी वर्नाचं पान चुकलं. तुमचे लोकही म्हणाले, आमचेही. मी "आम्ही एकत्र आलो आहोत" इथपर्यंत एकटीच पोचले होते, तुझा आवाज नव्हता, बिशप माझ्याकडे बघत होते आणि फिस्क बुटांकडे. मी मनाशी ठरवलं होतं, वाक्य पुरं करायचं, काही झालं तरी. तेवढ्यात तू हात माझ्या कागदावर ठेवलास आणि म्हणालीस, "थांब. पहिल्यापासून म्हणू."

जेवताना तुमच्याकडची ती निळ्या टोपीची बाई म्हणाली, "बिचारी वर्ना गोंधळली." मी तिला सांगितलं, वर्ना आयुष्यात कधी पान चुकलेली नाही. पाचव्या वर्षी ती माझ्या चुका काढायची. तिला वाक्य माहीत होतं. मी एकटीने सुरू केलेलं तिला पुरं करायचं नव्हतं.

मग आपण पहिल्यापासून म्हटलं, आणि तू नेहमीसारखी घाई केलीस, आणि मला तुझ्यामागे धावावं लागलं. तरी शेवटचा शब्द बरोबर पडला. बिशपांनी ऐकला. त्यांनी जेवणानंतर फिस्कना बाजूला घेतलं, आणि फिस्कनी मला बाजूला घेतलं. दोन्ही चर्चना बाई तीन वर्षांसाठी. कागद या आठवड्यात निघेल. मी त्यांना म्हटलं, वर्नाला तुम्ही आधी कळवा. त्यांनी कळवलं असेल, पण मला लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वेंडलने बाईंना भट्टीची किल्ली दिलीच. बिशपसमोर भट्टी कशी पेटवायची तेही समजावून सांगायला लागला. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. तो नंतर मला म्हणाला, की डिसेंबरमध्ये तो माझ्या विरुद्ध मत देणार आहे, पण मनातून वाईट वाटून देणार आहे. मी म्हटलं, दे. तो तुलाही भेटायला येणार होता, पण तू निघून गेली होतीस. त्याला गाडी चालवायला बंदी आहे, त्यामुळे त्याला घेऊन कधीतरी मीच येईन.

तू माझ्याशी त्या तीन शब्दांपलीकडे बोलली नाहीस. मी त्याहून जास्त मागत नाही. बोलायचं तेव्हा बोल.

पण एक सांगून ठेवते, परवानगी मागत नाही. येत्या रविवारी नऊला मी तुमच्याकडच्या उपासनेला येणार आहे, आणि अकराला आमच्याकडे जाईन. डेल म्हणतो, डावीकडून तिसऱ्या बाकावर तू एकटी बसतेस, आणि अगदी मधोमध बसतेस. मी त्याच बाकावर बसणार आहे. जरा सरकून बस.

तुझी
लोइस